मुरमांच्या चेहऱ्याला वाफ देताना

वाफ घेतल्याने मुरूम बरे होत नाहीत, हे आधीच स्पष्ट सांगायला हवं. घरोघरी वाफारा घेतला जातो तो याच आशेवर. पुळ्या हटत नाहीत म्हटल्यावर मग वेळ वाढवला जातो, पाणी अधिक कढत घेतलं जातं, आठवड्यातून एकदाच्या जागी रोज पातेल्यावर वाकणं सुरू होतं, आणि थोड्याच दिवसांत चेहरा लाल, ताणलेला, आधीपेक्षा जास्त पुळ्यांचा होऊन बसतो. वाफेचं काम बरंच लहान आहे: नाक, हनुवटी, कपाळ इथे रुतून बसलेले ब्लॅकहेड्स मऊ करून सैल करणं. तेवढं ती छान करते. ते नीट करून घ्यायचं आणि बाकीचं औषधांवर सोडायचं.

वाफेने त्वचेत काय होतं

चेहऱ्यावरच्या रंध्रांच्या आत तैलग्रंथी असतात. त्यांच्यातून सीबम नावाचा तेलकट स्राव बाहेर येतो. वयात येताना हॉर्मोन्समुळे हा स्राव वाढतो. त्याच सुमारास रंध्राच्या तोंडाशी झडणाऱ्या मृत पेशी सुट्या होऊन पडून जाण्याऐवजी एकमेकींना चिकटायला लागतात. तेल आणि पेशी मिळून रंध्रात बूच बसतं. बुचाचं तोंड उघडं राहिलं तर टोक काळं पडतं, तो ब्लॅकहेड. हा काळेपणा मळाचा नसतो. बुचातलं मेलॅनिन आणि हवा लागून होणारा बदल यांमुळे तो रंग येतो. म्हणूनच स्क्रबने कितीही घासलं तरी तो जात नाही, उलट भोवतालची त्वचा सोलवटते. तोंड त्वचेने झाकलेलं राहिलं तर व्हाइटहेड होतो, म्हणजे हात फिरवल्यावर लागणारा बारीक, टणक, जवळजवळ त्वचेच्याच रंगाचा दाणा. या बंद जागेत जिवाणू वाढले आणि दाह सुरू झाला की लाल, दुखरी पुळी येते, मग पू धरतो.

वाफ लागली की त्वचेचा सर्वांत वरचा थर पाणी शोषून फुगतो आणि मऊ पडतो. थिजलेलं तूप उबेला ठेवलं की सैल होतं, तसं रंध्रातलं सीबमही उष्णतेने पातळ होतं. या दोन्हींमुळे बुचाची पकड ढिली होते. रंध्रं ‘उघडतात’ असं म्हटलं जातं, पण त्यांना उघडझाप करणारे स्नायूच नसतात. त्यामुळे वाफेनंतर बर्फ चोळून ती ‘बंद’ करायचीही गरज नसते. वाफेने आणखी एक गोष्ट होते, आणि मुरमांच्या त्वचेत तिकडे लक्ष ठेवावं लागतं: रक्तवाहिन्या रुंदावतात. वाफेनंतर चेहऱ्यावर जो टवटवीत रंग दिसतो तो याचाच. आधीच दाह असलेल्या पुळीकडे असा जास्तीचा रक्तपुरवठा झाला की ती अधिक लाल होते, ठणकते.

आधी आरशात पाहा

दिवसाच्या उजेडात, चेहरा धुऊन, कोणत्या प्रकारचे मुरूम आहेत ते बघा. बहुतेक ब्लॅकहेड्स आणि थोडे व्हाइटहेड्स असतील तर वाफ घ्यायला हरकत नाही. चार-पाच लाल पुळ्या मधूनमधून असतील तर वाफ सौम्य ठेवा आणि त्या पुळ्यांना नंतर हात लावू नका. गालांवर, जबड्यावर खोल, दुखऱ्या गाठी असतील किंवा पू धरलेल्या पुळ्या जागोजागी असतील तर वाफ नको. त्या गाठी त्वचेत खूप खाली असतात, वाफ तिथवर पोचत नाही. वरून फक्त दाह वाढतो.

काहींनी तर वाफेच्या वाटेला जाऊच नये. गालांवर किंवा ओठांच्या वर वांग असेल तर उष्णतेने तो गडद होतो. चेहरा पटकन लालबुंद होणं, बारीक रक्तवाहिन्या दिसणं अशी रोझेशियाची लक्षणं असतील, इसब असेल, ओठावर नागीण उठली असेल तर वाफ टाळा. तीव्र मुरमांवर दिल्या जाणाऱ्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असताना त्वचा आणि ओठ इतके कोरडे असतात की वाफेने चिरा पडतात. केमिकल पील किंवा लेझर झालं असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हाच. थ्रेडिंग, वॅक्सिंग, ब्लीच यांनंतर दोन दिवस थांबा. दमा असेल तर गरम वाफेने धाप लागू शकते.

एक गट वेगळा सांगायला हवा, कारण आपल्याकडे तो मोठा आहे. गोरेपणासाठी किंवा डागांसाठी म्हणून स्टेरॉइड असलेलं मलम महिनोन्‌महिने लावलेला चेहरा. अशी मलमं मेडिकलमधून कुणाच्या तरी सांगण्यावरून आणली जातात. ती सोडली की चेहऱ्याची आग होते आणि बारीक पुळ्यांचा पूर येतो, म्हणून पुन्हा तेच मलम लावलं जातं. या त्वचेला ऊन सोसत नाही, स्वयंपाकघरातली आचही सोसत नाही. तिला वाफ देऊ नका. ट्यूब घेऊन थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

पातेल्याची पद्धत

लागणारं सामान घरातलंच आहे: कमीत कमी ३ लीटरचं रुंद तोंडाचं पातेलं, १ लीटर पाणी, स्वच्छ मऊ नॅपकिन, केस मागे बांधायला पट्टी, सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि घड्याळ. पातेलं मोठं आणि पाणी तिसरा हिस्साच, हे प्रमाण मुद्दाम आहे. काठोकाठ भरलेलं भांडं जरा हललं तरी पाणी अंगावर येतं.

वेळ संध्याकाळची किंवा रात्रीची निवडा, म्हणजे नंतर उन्हात जावं लागत नाही. लेन्स काढा. केसांना तेल लावलेलं असेल तर त्या दिवशी वाफ नको, कारण ते ओघळून कपाळावर येतं. खोबरेल तेल रंध्रं बुजवणाऱ्यांपैकी आहे. कपाळाच्या कडेने, केसांच्या रेषेला लागून बारीक दाणे येत असतील तर पहिला संशय तेलावरच घ्यावा.

चेहरा कोमट पाण्याने आणि फेसवॉशने धुवा. हे वाफेआधीच करायचं. मेकअप, सनस्क्रीन, दिवसभराची धूळ यांच्यावरून वाफ घेतली तर तो सगळा राडा मऊ होऊन तिथेच बसतो. धुतल्यावर टिपून घ्या, घासू नका.

पाण्याला खळखळून उकळी आली की गॅस बंद करा आणि २ मिनिटं थांबा. मग पातेलं भिंतीला लागून असलेल्या, न डुगडुगणाऱ्या टेबलावर ठेवा. पलंगावर, मांडीवर, स्टुलावर नाही. लहान मुलं खोलीत नकोत. वाफ घेताना भाजतं ते बहुतेक वेळा वाफेने नाही, भांडं कलंडून सांडलेल्या पाण्याने. कोविडच्या काळात घरोघरी वाफ घेणं वाढलं तेव्हा अशा भाजलेल्या मुलांच्या घटनाही वाढल्या. ६० अंश सेल्सिअसचं पाणी मोठ्या माणसाची त्वचासुद्धा काही सेकंदांत खोलवर भाजतं, आणि गॅस बंद करून दोन मिनिटं झालेलं पाणी त्याहून बरंच गरम असतं.

चेहरा नेण्याआधी हाताचा मागचा भाग पाण्यापासून ३० सेंटिमीटरवर, म्हणजे साधारण दीड वितीवर, १० सेकंद धरा. हात मागे घ्यावासा वाटला तर अजून एक मिनिट थांबा. मग डोळे मिटून चेहरा त्याच उंचीवर आणा. ऊब वाटली पाहिजे, चटका नाही. दर मिनिटाला चेहरा बाजूला करून दोन-तीन श्वास साध्या हवेत घ्या.

डोक्यावरून टॉवेल घेऊन तंबू करायची सवय सर्दीच्या वाफेतून आलेली आहे. तिथे नाकात वाफ जायला हवी असते. मुरमांच्या त्वचेला तंबूची गरज नाही. आतली उष्णता वाढत जाते, चेहरा बाजूला करता येत नाही, आणि टॉवेलचं टोक भांड्यात अडकून ते ओढलं जातं ते वेगळंच. घ्यायचाच तर पातळ पंचा घ्या आणि दोन्ही बाजू मोकळ्या ठेवा.

एकूण वेळ ३ ते ५ मिनिटं. पहिल्यांदा घेताना ३ पुरेत. एक लीटर पाण्याची वाफ तशीही पाच मिनिटांत मंदावते. मंदावली की झालं. पाणी पुन्हा तापवून दुसरी फेरी घेऊ नका. दहा-पंधरा मिनिटं वाफ घेतल्याने बूच जास्त सैल होत नाही. त्वचेचा वरचा थर मात्र इतका भिजतो की नंतर त्यातलं पाणी भराभर उडून जातं, चेहरा कोरडा पडतो आणि चुरचुरतो.

विजेचा वाफारा वापरत असाल तर

बाजारात मिळणारी दोन प्रकारची यंत्रं आतून अगदी वेगळी असतात. स्वस्त, प्लॅस्टिकच्या मग्यासारखी असतात त्यांच्यातल्या बऱ्याच यंत्रांत तापणारी कॉइल नसतेच. दोन इलेक्ट्रोड पाण्यात बुडलेले असतात आणि वीज पाण्यातूनच जाते. म्हणून आरओचं पाणी घातलं तर वाफ येतच नाही, यंत्र बिघडलं असं वाटतं. त्या पाण्यात क्षार कमी, त्यामुळे वीज वाहत नाही. साधं नळाचं पाणी घातलं की ते चालू होतं. वाफ कमी येते म्हणून चमचाभर मीठ टाकलं तर उलटा त्रास: पाणी एकदम उसळतं आणि तोंडातून कढत थेंब उडतात. माहितीपत्रकात मीठ घाला असं लिहिलं असेल तर चिमूटभरच. आणि प्लग लावलेला असताना त्या पाण्याला बोट लावू नका, झाकण उघडू नका. पाण्यात वीज असते.

दुसरी, महाग यंत्रं ‘फेशियल स्टीमर’ म्हणून विकली जातात. त्यांत तापणारी पट्टी असते. त्यांना डिस्टिल्ड पाणी चांगलं, कारण बोअरच्या जड पाण्याने पट्टीवर पांढरा क्षार बसतो आणि यंत्र थुंकायला लागतं. वापर झाला की उरलेलं पाणी ओतून टाकी कोरडी करा. साठलेल्या पाण्यात बुरशी धरते.

दोन्हींत पहिलं अर्धं मिनिट चेहरा लांब ठेवा. सुरुवातीला पाण्याचे थेंब येतात, मग वाफ सुरळीत होते. अंतर पातेल्याइतकंच ठेवा. यंत्रातला झोत एकाच जागी लागतो, म्हणून चेहरा हळूहळू फिरवत राहा, नाहीतर नाकाचा शेंडा भाजतो.

यातलं काहीच नको असेल तर कोमट पाण्यात बुडवून पिळलेला नॅपकिन २-३ मिनिटं नाक-हनुवटीवर ठेवा, गार झाला की पुन्हा भिजवा. संवेदनशील त्वचेला आमच्या मते हीच पद्धत सर्वांत बरी. सांडायला काही नाही, आणि गाल वाचतात.

पाण्यात काहीही घालू नका

बाम नाही, कापूर नाही, निलगिरीचं किंवा टी ट्री तेल नाही, लिंबू नाही. बाममधला मेंथॉल आणि कापूर नाक मोकळं वाटावं म्हणून असतो. पुळ्यांच्या त्वचेला तो झोंबतो, डोळ्यांची आग होते. सुगंधी तेलं वाफेबरोबर थेट चेहऱ्यावर बसतात आणि त्यांची ॲलर्जी उठली की पुळ्यांवर पुरळाची भर. कडुलिंबाचा पाला घातल्याने नुकसान सहसा होत नाही, पण पाल्यातलं औषध वाफेतून त्वचेत मुरतं अशी अपेक्षाही ठेवू नका. काम गरम ओलाव्याचं आहे, आणि ते साध्या पाण्याने होतं.

नंतरची वीस मिनिटं

चूक होते ती बहुतेक इथे. वाफ संपली की चेहरा नॅपकिनने टिपा. ब्लॅकहेड्स काढायचे असतील तर पहिल्या ५ मिनिटांतच, कारण त्यानंतर बूच पुन्हा घट्ट व्हायला लागतं. हात साबणाने धुवा. ब्लॅकहेड काढायची तारेच्या गोल टोकाची पट्टी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळू द्या. ब्लॅकहेड बरोबर गोलाच्या मध्ये येईल असा तो ठेवा, सरळ खाली हलका दाब द्या आणि किंचित पुढे सरकवा. बूच सुटायचं असेल तर बारीक, पिवळसर दोऱ्यासारखं, वरचं टोक काळं असं ते सहज वर येतं. दोन वेळा दाबून आलं नाही तर सोडून द्या. जोर वाढवला की रंध्राची भिंत आतल्या आत फुटते, माल खोलवर सांडतो, आणि दोन दिवसांनी तिथेच टपोरी लाल पुळी उभी राहते. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत तिचा डाग मागे कित्येक महिने राहतो. एका वेळी नाक आणि हनुवटी मिळून पाच-सहा ब्लॅकहेड्स पुष्कळ झाले.

व्हाइटहेड सुईने टोचायचा नाही. लाल पुळी दाबायची नाही. नाकाच्या वरपासून ओठांच्या कोपऱ्यांपर्यंतच्या त्रिकोणात तर मुळीच नाही. तिथल्या शिरांचा संबंध थेट कवटीच्या आतल्या शिरांशी असतो, आणि पिळलेल्या पुळीतला संसर्ग क्वचित का होईना, तिकडे जाऊ शकतो.

मग साध्या पाण्याने चेहरा एकदा धुवा आणि ओलसर असतानाच हलकं, जेलसारखं मॉइश्चरायझर लावा. डब्यावर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’, म्हणजे रंध्रं न बुजवणारं, असं लिहिलेलं बघून घ्या. तेलकट त्वचेला मॉइश्चरायझर नको हा समज सोडा.

त्या रात्री सॅलिसिलिक ॲसिड, ॲडापलीन किंवा ट्रेटिनॉइन, बेंझॉइल पेरॉक्साइड, व्हिटॅमिन सी यांपैकी काही लावू नका. भिजलेल्या त्वचेत ही औषधं नेहमीपेक्षा जास्त शिरतात. रोज सोसणारं जेलसुद्धा त्या रात्री जाळतं. टोनर, स्क्रब, मुलतानी मातीचा लेप, लिंबू, टूथपेस्ट हेही नको. दुसऱ्या रात्रीपासून औषधं नेहमीसारखी सुरू करा. सकाळी एसपीएफ ३० किंवा जास्त असलेलं सनस्क्रीन चुकवू नका, नाहीतर काढलेल्या जागा काळवंडतात.

दाढी करणाऱ्यांना एक उपयोग सांगण्यासारखा आहे. ज्यांचे केस उलटे वळून त्वचेत घुसतात आणि त्यामुळे मानेवर, जबड्याखाली दाणे येतात, त्यांनी दाढीआधी कोमट ओला नॅपकिन २-३ मिनिटं ठेवावा. केस पाणी शोषून मऊ होतात, ब्लेड कमी ओढतं. मग केसांच्या दिशेनेच, एका पात्याचं रेझर फिरवा.

किती दिवसांनी, कोणत्या ऋतूत

तेलकट, ब्लॅकहेड्सच्या त्वचेला आठवड्यातून एकदा. मिश्र त्वचेला पंधरा दिवसांतून एकदा, तेही नाक-कपाळापुरतं. पार्लरमध्ये फेशियल केलं असेल तर त्या आठवड्यात घरी नको.

पावसाळ्यात कोकणात, मुंबईत, गोव्यात हवाच इतकी दमट असते की वाफेने फार काही साधत नाही. त्या दिवसांत कपाळावर, छातीवर, पाठीवर एकाच मापाचे बारीक दाणे येऊन खाज सुटत असेल तर ते नेहमीचे मुरूम नसून मालासेझिया या यीस्टमुळे, म्हणजे एका प्रकारच्या बुरशीमुळे, आलेले असू शकतात. त्यांना घाम आणि दमटपणाच आवडतो. वाफेने ते वाढतील, मुरमांच्या अँटिबायोटिकनेही. इथे बुरशीविरोधी औषध लागतं. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बाहेरून तापून आलेल्या चेहऱ्याला वाफ देऊ नका, आधी गार पाण्याने धुऊन तास-दोन तास जाऊ द्या. हेल्मेटच्या पट्ट्याखाली हनुवटीला येणाऱ्या पुळ्या घाम आणि घर्षणाच्या असतात. तिथे पट्टा धुणं हाच मुख्य उपाय.

खोल, ठणकणारी एकटी गाठ आली असेल तर पूर्ण चेहऱ्याला वाफ न देता फक्त तिच्याकडे बघा. सुरुवातीला फडक्यात गुंडाळलेला बर्फ ५-१० मिनिटं. गाठीला पांढरं तोंड आलं की कोमट ओलं फडकं १०-१५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. ती आपोआप फुटू द्या.

काही बिघडलं तर

चेहरा अर्ध्या तासानंतरही लाल राहिला तर पाणी जास्त गरम होतं किंवा अंतर कमी पडलं. पुढच्या वेळी मिनिटं कमी करा, अंतर वाढवा. दुसऱ्या दिवशी कोंडा सुटल्यासारखी सालं निघाली तर वाफ महिनाभर बंद, फक्त मॉइश्चरायझर. दोन-तीन दिवसांत नव्या लाल पुळ्या आल्या तर ‘आतली घाण बाहेर पडतेय’ असं समजू नका. वाफ तुमच्या त्वचेला मानवत नाही. थांबवा.

चटका बसला, पाणी सांडलं तर लगेच नळाच्या गार वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं. बर्फ, हळद, टूथपेस्ट, तूप यांतलं काही लावू नका. चेहऱ्यावर फोड आला किंवा डोळ्याला लागलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

मुरमांचं औषध चालू केलं की फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. एवढ्या वेळातही सुधारलं नाही, खड्डे पडायला लागले किंवा जबड्यावरच्या गाठींबरोबर पाळी अनियमित असेल आणि हनुवटीवर जाड केस येत असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. शेवटच्या लक्षणांत पीसीओएसची, म्हणजे बीजकोशांशी निगडित हॉर्मोन्सच्या बिघाडाची, तपासणीही होईल. जाताना घरात चेहऱ्याला लावायच्या जेवढ्या ट्यूब, क्रीम, तेलाच्या बाटल्या आहेत त्या सगळ्या पिशवीत घालून न्या, अगदी संपलेल्यासुद्धा.